गुरुवारचं ऑपरेशन

“हात डोक्याच्या वर, नजर छताकडं, सांगशील तेव्हा श्वास धरायचा. पाठ झालंय सगळं. तू आपलं सुईचं बघ,” अक्का म्हणाली आणि कुणी आधार द्यायच्या आत टेबलावर चढून आडवी झाली.

सोमवार होता. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. दोन हजार दहा सालची ही गोष्ट. मिरजेच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी तेव्हा सीटी मशिनवर टेक्निशियन होतो, नोकरीला अकरा वर्षं झाली होती. अक्का, म्हणजे इंदुमती, माझी थोरली बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. त्यानंतर माझ्या डब्यापासून डिप्लोमाच्या फीपर्यंत सगळं तिनं पाहिलं. तासगाव डेपोत ती एसटी कंडक्टर होती. डेपोत पहिल्यांदा ज्या दोन बायका लागल्या त्यातली एक. तासगाव ते कवठे महांकाळ गाडीत तिचा आवाज चढला की बसायला जागा नसलेला माणूससुद्धा कुठंतरी बसायचा.

आदल्या एप्रिलमध्ये तिच्या मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाला कॅन्सरची गाठ निघाली होती. मिरजेच्या डॉक्टर बागवानांनी ऑपरेशन करून गाठ काढली, आतडं जोडलं आणि तो जोड भरून येईपर्यंत वरचं आतडं पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढून ठेवलं. त्याला पिशवी. सगळं त्या पिशवीत येणार. “तीन-चार महिन्यांचं काम आहे, मग परत आत टाकू,” असं डॉक्टर म्हणाले होते. पण मध्ये केमो आली, केमोत रक्त कमी झालं, कावीळ झाली, आणि तीन-चार महिन्यांचे नऊ झाले.

आता ती तारीख आली होती. गुरुवार. त्याआधी एकदा पोटाचा आणि छातीचा सीटी करून घ्या, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. रक्तातून करतात ती कॅन्सरची तपासणी नॉर्मल आली होती. त्यामुळे हा स्कॅन म्हणजे कागद पूर्ण करण्याचा प्रकार, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

केमोनं तिच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या होत्या. तिसऱ्या टोचणीला सुई बसली.

“दाजी नाही आले?” मी विचारलं.

“ते माझा ड्रेस आवळायला बसलेत.” दाजींचं तासगावात स्टँडमागं शिलाईचं दुकान होतं. “खाकी ड्रेस अंगावर घातला तर आत आणखी एक इंदुमती मावंल. म्हटलं, बसा आणि दोन्ही बाजूनं घ्या. फेब्रुवारीत मी गाडीवर. डेपो मॅनेजरला सांगून आल्ये, पिशवी लागल्यावर दिलेली ती चौकशी खिडकी आता दुसऱ्या कुणालातरी द्या म्हणून.”

“लगेच फेब्रुवारीत नको.”

“तू डॉक्टर हायस काय? सुईटोच्या तू.”

मी हसलो आणि काचेमागच्या खोलीत गेलो. शिरेतून डाय सोडला, स्कॅनमध्ये आतले अवयव उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध. माइकवरून सांगितलं, “अक्का, अंगात गरम वाटेल. लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही.” तिनं अंगठा वर केला. “श्वास घे. धर.” टेबल सरकलं. “सोड.”

स्कॅन म्हणजे माणसाच्या पोटाच्या चकत्या. काकडीच्या करतो तशा, आडव्या, एकाखाली एक. मी त्या वरून खाली सरकवत गेलो. फुप्फुसाचा तळ, मग यकृताचा अगदी वरचा भाग, ज्याला डॉक्टर लोक घुमट म्हणतात. आणि तिथं, उजवीकडं, हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक काळसर ठिपका.

मी पुढं गेलो, मागं आलो. ठिपका तिथंच. चार चकत्यांत दिसत होता, पाचवीत नाहीसा होत होता.

सप्टेंबरमध्ये केमो चालू असताना तिचा एक सीटी झाला होता. तोही मीच केला होता. तो उघडला, यकृतापर्यंत आलो आणि बंद केला.

“झालं काय रं?” स्पीकरमधून अक्काचा आवाज आला. “हात दुखायला लागले.”

“झालं. ऊठ हळू.”

डाय दिल्यावर पेशंटला वीस मिनिटं बसवून ठेवतात, काही त्रास होतोय का बघायला. सेंटरच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ एक सिमेंटचा कट्टा होता. अक्का बाथरूममध्ये जाऊन पिशवी रिकामी करून आली आणि तिथं बसली. मी चहा घेऊन गेलो.

“काय दिसलं?” तिनं विचारलं.

“मॅडम बघतील.” खाडिलकर मॅडम म्हणजे आमच्या रेडिओलॉजिस्ट. स्कॅन वाचून रिपोर्ट त्याच लिहायच्या.

“त्या बघतील ते बघतील. तुला काय दिसलं?”

“मला त्यातलं वाचता येत नाही, अक्का.”

“अकरा वर्षं त्या खुर्चीत बसतोस! मला दोन महिन्यांत कळायला लागलं होतं, कोण तिकीट काढणार हाय आणि कोण झोपेचं सोंग घेतंय.” तिनं चहाचा कप कट्ट्यावर ठेवला. “मागच्या टायमाला मी टेबलावरनं उठायच्या आत म्हणालास, काय नाही, जा घरी. आज का म्हणंनास?”

मी कप उचलून परत तिच्या हातात दिला.

“केवढं हाय?”

“एवढंसं.” मी बोटानं दाखवलं आणि दाखवल्याबरोबर कळलं की दाखवायला नको होतं. टेक्निशियननं पेशंटला काही सांगायचं नसतं. पहिल्या दिवशी शिकवतात ते.

“कुठं?”

“लिव्हरमध्ये. पण ते काहीही असू शकतं. पाण्याची गाठ असते, शिरांचा गुंता असतो. तो जन्मापासूनही असतो लोकांना.”

“जन्मापासनं असता तर आधीच्यात दिसला असता की.”

अक्कानं चहा संपवला. कप पालथा घातला. मग रस्त्याकडं बघत ती हळू आवाजात बोलायला लागली. तिला हळू बोलताना मी फार कमी वेळा ऐकलं होतं.

“संक्रांतीला बायका वाण घेऊन आल्या. सहा-सात जणी. मी आतनं कडी लावून बसले. दाजी दारात उभं राहून सांगत हुते, ती गावाला गेल्याय म्हणून. आणि मी आत. पिशवी फुगली हुती आणि वाजत हुती. त्या हसल्या नसत्या, ठावं हाय मला. पण मी बसले आत.” ती थांबली. “खिडकीवर बसते तर कागदं उशीसारखी पोटावर धरून बसते. मला गुरुवार दे, सदा.”

“म्हणजे?”

“बागवान डॉक्टर तुलाच फोन करणार. दर वेळी करत्यात. काय रे सदाशिव, बरं आहे ना सगळं? तू म्हण, बरं हाय. मॅडम उद्या परगावी चालल्यात, तूच म्हणालास. लेखी रिपोर्ट सोमवारी दे. तवर माझं आतडं आत गेलेलं असंल. मग काय असंल ते असू दे. केमो दे, विष दे. घेते.”

खाडिलकर मॅडम मंगळवारी दुपारी हैदराबादला परिषदेला जाणार होत्या, रविवारी परत. त्यांच्या जागी येणारे डॉक्टर फक्त तातडीच्या केसेस बघायचे. अक्का म्हणत होती ते करता येण्यासारखं होतं. सोपं होतं. ढिगातला एक स्कॅन खाली राहिला, एवढंच.

“नाही जमायचं, अक्का.”

“का?”

“ते जर तेच असलं तर केमो लगेच चालू करावी लागेल. ऑपरेशन झालं की जखम भरेपर्यंत केमो देता येत नाही. महिना, दीड महिना जातो. आधी कळलेलं बरं.”

“कुणाला बरं?”

“तुला.”

“माझ्या पोटाला पिशवी हाय, तुझ्या न्हाई.” तिचा आवाज चढला. टाकीजवळ भांडी धुणारी बाई वळून बघायला लागली. “मी तुझ्याकडं आजवर काय मागितलं? सांग. एक गोष्ट सांग.”

एकही नव्हती. मी तिच्या हाताची सुई काढली, कापूस दाबून धरला. तिनं हात ओढून घेतला आणि स्वतःच दाबला. “नऊ महिने मी दिवस मोजल्यात,” ती म्हणाली. “तू चार दिवस गप बसू शकत न्हाईस.”

ती स्टँडकडं चालत गेली. मी रिक्षा बघतो म्हणालो, तर मागं न बघता हात उडवला.

मी आत गेलो आणि मॅडमना फोन केला. म्हटलं, माझ्या बहिणीचा स्कॅन आहे, जायच्या आधी बघाल का? त्या तासाभरात आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर ठेवून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघायच्या. ठिपक्यावर आल्या आणि थांबल्या. सप्टेंबरचा स्कॅन शेजारी लावला.

“ह्यात तो भाग नीट नाही आलेला,” त्या म्हणाल्या. “तुलना करता येणार नाही.”

मी आजच्या स्कॅनमधली ठिपक्याची चकती मोठी करून दिली.

“नऊ मिलिमीटर. मला आवडत नाहीये हे, सदाशिव. पेट स्कॅन करून घ्या. मी पुण्याला फोन करते, शनिवारची वेळ मिळेल.” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “तिला कोण सांगणार?”

“डॉक्टर सांगतील,” मी म्हणालो.

डॉक्टर बागवानांनी मंगळवारी सकाळी दाजींना फोन करून गुरुवारचं ऑपरेशन पुढं ढकललं. हे आधी नक्की होऊ दे, मग पिशवीचं बघू, असं ते म्हणाले. बुधवारी ड्यूटी सुटल्यावर मी तासगावला गेलो. दाजी दुकानात मशिनवर बसले होते. विलासदाजी कमी बोलणारा माणूस. टेपच्या दोन्ही टोकांना धरून लोकांची मापं घेताना जेवढं बोलतील तेवढंच. समोर खाकी ड्रेस पडला होता, एक बाजू उसवलेली.

“ह्याचं काय करू?” त्यांनी विचारलं. “पुरा करू का?”

“करा,” मी म्हणालो.

अक्का घरात होती. मी पुण्याच्या वेळेबद्दल सांगितलं, उपाशी पोटी जायचं वगैरे. तिनं ऐकून घेतलं, मला ताट वाढलं आणि शेजारच्या घरी निघून गेली.

पेट स्कॅनला आमच्या भागातून तेव्हा पुण्याला जावं लागे. शुक्रवारी आम्ही तिघं गेलो, लॉजवर उतरलो. शनिवारी सकाळी सेंटरला पोचलो. अक्का प्रवासभर दाजींशी बोलत होती, माझ्याशी नाही. पण आत जायच्या आधी तिथला टेक्निशियन भराभर काहीतरी सांगून निघून गेला, तेव्हा तिनं नाइलाजानं माझ्याकडं पाहिलं.

“काय करणारेत हे?”

“साखरेचं इंजेक्शन देतात. त्या साखरेला थोडा किरणोत्सर्ग असतो. कॅन्सरच्या पेशी भुकेल्या असतात, साखर जास्त खातात. जिथं साखर जमते तिथं स्कॅनमध्ये उजेड दिसतो.”

“म्हणजे आमिष दाखवून फुकट्याला पकडायचं.”

“तसंच.”

“आणि न्हाई सापडला तर?”

“तर नसेलच असं नाही. लहान असला की निसटतो.”

“मग कशाला हवं हे?” ती म्हणाली आणि आत गेली.

इंजेक्शननंतर तासभर एकट्यानं, न बोलता, न हलता पडून राहायचं असतं. बोललं तर घशाचे स्नायू साखर खातात आणि तिथंही उजेड दिसतो. बाहेर बाकावर मी आणि दाजी बसून होतो. माझ्या हातात आधीच्या सगळ्या स्कॅनच्या सीड्यांची पिशवी. दुसऱ्यांच्या नातेवाइकांना मी अकरा वर्षं असंच बाकावर बसवत आलो होतो. त्या बाकावरून दारापलीकडचं काहीच कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. दार उघडलं की प्रत्येक जण उठायचा. मीही उठत होतो.

खाडिलकर मॅडमच्या फोनमुळे रिपोर्ट दुपारीच मिळाला, आणि यकृताचे एक सर्जन त्याच इमारतीत बघायला तयार झाले. तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. पडदा त्यांनी आमच्याकडं वळवला. काळ्या-करड्या शरीरात मेंदू, हृदय आणि मूत्राशय उजळलेले होते. ते सगळ्यांचंच उजळतं. यकृतात तीन ठिपके उजळले होते. एक आम्हाला माहीत होता. दोन नव्हते. आणि मागं, मोठ्या रक्तवाहिनीच्या शेजारी, एक गाठ.

“हा परत आलेला कॅन्सर आहे,” ते म्हणाले. “ऑपरेशन करून काढता येईल अशी स्थिती आत्ता नाही. केमो देऊ. आटोक्यात आलं तर पुन्हा विचार करू.”

“एक असता तर?” दाजींनी विचारलं. ते काही विचारतील असं मला वाटलं नव्हतं.

“एकच असता तर मी लगेच तेवढा तुकडा कापून काढला असता. अशी माणसं वर्षानुवर्षं चांगली राहतात.” त्यांनी हात पुढं केला. “आधीचे स्कॅन आणलेत?”

मी सीड्या दिल्या. द्याव्या लागल्या. त्यांनी सप्टेंबरची लावली. चकत्या पडद्यावर सरकल्या, फुप्फुस संपलं, यकृत आलं. पाण्यात बघितल्यासारखं पुसट, कडा दुहेरी झालेल्या.

“हा कुणी केलाय?” ते म्हणाले. “नेमका घुमट हललाय. इथंच आहे तो आजचा ठिपका. पेशंटला परत श्वास धरायला लावायचा आणि एवढ्याच भागाचा पुन्हा घ्यायचा. दोन मिनिटांचं काम. का नाही घेतला?”

दाजी माझ्याकडं बघायला लागले. त्यांना माहीत होतं कुणी केला होता ते. मी तोंड उघडलं.

“माझ्यामुळंच झालं ते, साहेब,” अक्का म्हणाली. “केमो घेऊन चौथा दिस हुता. उलट्या थांबत नव्हत्या. ह्यानं दोनदा सांगितलं, धर म्हणून, माझ्याच्यानं धरवलाच न्हाई श्वास. शेवटी मीच म्हटलं, नको आता.”

“होतं असं,” सर्जन म्हणाले आणि सीडी बाहेर काढली. “तेव्हाही तो तिथं होता की नाही, आता कुणालाच सांगता येणार नाही.”

तिनं सांगितलं तसं झालं नव्हतं.

केमोचा चौथा दिवस होता, ते खरं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. टेबलावर झोपवताना तिच्या मनगटाचं हाड माझ्या मुठीत रुतलं. स्कॅन सुरू झाला आणि पहिल्याच काही सेकंदांत तिला खोकला आला. मी पडद्यावर बघितलं, वरच्या चकत्या हललेल्या होत्या. तिलाही कळलं होतं. स्पीकरमधून तिनं विचारलं, “नीट आलं न्हाई व्हय? परत धरू का? धरते की मी.” आणि मी म्हणालो, “नको. झालं. ऊठ.”

मला तिला आणखी एक मिनिटसुद्धा त्या टेबलावर बघवत नव्हतं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, पेशंटनं सहकार्य केलं नाही. मॅडमनी रिपोर्टात तशी एक ओळ घातली, आणि खालचं सगळं चांगलं होतं म्हणून ती ओळ पुढं कुणी वाचली नाही. दुसऱ्या कुणाचाही स्कॅन असता तर मी परत घेतला असता. रोज घेत होतो.

संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही स्वारगेटला आलो. दाजी रिझर्व्हेशनच्या रांगेत गेले. अक्का आणि मी बाकावर. तिनं सवयीनं समोरच्या प्रत्येक गाडीची पाटी वाचली. मग म्हणाली, “आता रडू नकोस हितं.”

“मी सांगणार होतो त्यांना. तू मध्ये बोललीस.”

“सांगून काय मिळालं असतं?”

“अक्का, त्या दिवशी मला बघवत नव्हतं तुझ्याकडं, म्हणून...”

“ठावं हाय मला. तवाच कळलं हुतं. बरंच वाटलं हुतं, खोटं कशाला बोलू. टेबल गार हुतं लई.” तिनं पदर पोटावरून सारखा केला, पिशवीवरून. “पण मग सोमवारी कुठं गेली हुती ती माया?”

ती रागानं बोलली नाही. खरंच विचारत होती. मी सोमवारी का कडक झालो, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. सप्टेंबरमध्ये जे सोडलं ते जानेवारीत वसूल करायला निघालो होतो मी, तिच्याच अंगावरून. मला माझी चूक भरून काढायची होती आणि त्यासाठी तिचा गुरुवार गेला.

“एक ऐक,” ती म्हणाली. “दाजींना हे कळता कामा न्हाई. कधीच न्हाई. माणूस गरीब हाय, पण मनात एकदा गाठ बसली की सुटत न्हाई त्यांची. आम्हाला पोरबाळ न्हाई. मी गेल्यावर त्यांच्या दारात कोण येणार हाय? तूच एकटा. तुझ्यावर राग धरून बसले तर जेवले का म्हणून विचारायला कुणी उरणार न्हाई.”

“असं बोलू नको.”

“सोमवारी ऐकलं न्हाईस. आता तरी ऐक.”

दाजी तिकिटं नाचवत आले. तीन सीटा, मागच्या चाकाजवळच्या. अक्कानं तिकिटं हातात घेऊन नंबर तपासले आणि म्हणाली, “चाकावरची सीट दिली तुम्हाला. बावळट बघून.”

त्यानंतर ती चौदा महिने जगली. केमोच्या दोन वेगवेगळ्या औषधांनी ठिपके काही काळ लहान झाले, मग वाढले. दर तीन महिन्यांनी मी तिचा सीटी करत होतो. प्रत्येक वेळी तीन-तीनदा श्वास धरायला लावायचो, आणि ती धरायची. पिशवी काढायचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा रक्त कमी होतं. ती परत गाडीवर गेली नाही. शेवटपर्यंत पिशवी तिच्या पोटावर होती. गेल्यावर अंघोळ घालणाऱ्या बायकांनी ती काढली.

ती असतानाच, दिवाळीनंतर, डॉक्टर बागवान एकदा सेंटरमध्ये आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझ्या बहिणीचं मला वाईट वाटतं, सदाशिव. खरं सांगू, त्या गुरुवारी मी पिशवी बंद करून टाकायला हवी होती. छोटं ऑपरेशन. केमो महिनाभर लांबली असती, बाकी काही फार बदललं नसतं. निदान बाई मोकळी राहिली असती. पण रिपोर्ट हातात आला की आपले हात बांधले जातात. नसता आला, तर मी करून मोकळा झालो असतो.”

मी “हो” म्हणालो. पुढचा पेशंट टेबलावर होता.

दाजी अजून आहेत. त्यांच्या दुकानात आता मोटरची दोन मशिनं आहेत. मी महिन्यातून एकदा तरी तासगावला जातो, जेवले का विचारतो. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा दुकानात गल्लीतले एक गृहस्थ बसले होते, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोचं आतड्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते आणि डॉक्टरांनी स्कॅन सांगितला होता. कुठं करावा, असं ते विचारत होते.

दाजींनी कात्री खाली ठेवली. “दुसरीकडं कुठं जाऊ नका,” ते म्हणाले. “आमच्या सदाकडं जावा. आमच्या हिचं ह्यानंच पकडलं, हरभऱ्याएवढं असताना. सख्ख्या बहिणीचं असून एक दिवस लपवलं न्हाई, त्याच दिवशी मॅडमना दाखवलं. म्हणून आम्हाला वर्षभर जास्त मिळालं. हा माणूस कुणाची भीड धरत न्हाई.”

त्या गृहस्थांनी माझ्याकडं पाहून हात जोडले.

मी त्यांना सोमवारी सकाळी यायला सांगितलं. उपाशी पोटी, आधीचे सगळे स्कॅन बरोबर घेऊन.